सूप मांडीवरून खाली ठेवा

(निपाणी परिसरातील एका वाचक भगिनीच्या पत्रातील आवश्यक तेवढा भाग येथे देत आहे. त्यांच्या विनंतीनुसार नाव आणि गाव छापलेले नाही.)

"ताई, माझे वय ४८ आहे. लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे गेली २६ वर्षे, मी घरी बसून विड्या वळते. दिवसाला सातशे-आठशे होतात, शंभर वळायला तासभर लागतो. मान आणि डावा खांदा कायम अवघडलेला असतो. दिवसभर दात आवळून बसले होते, हे संध्याकाळी जबडा ठणकायला लागल्यावर कळते. थोरला मुलगा कागलच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जातो आणि रात्री एकच्या सुमारास मोटारसायकलवरून परततो. तो येईपर्यंत छातीत धडधडते, आल्यावरही डोळा लागत नाही. सरकारी दवाखान्यात रक्तदाब, साखर, ईसीजी, थायरॉईड सगळे तपासले. काही निघाले नाही. 'टेन्शन घेऊ नका,' असे डॉक्टर म्हणाले. बेळगावात शिकणाऱ्या मुलीने मोबाईलवर सूर्यनमस्कारांचा व्हिडिओ पाठवला. पहिल्याच दिवशी २५ घातले, चौथ्या दिवशी गुडघा सुजला आणि ते बंद पडले. सासूबाई म्हणतात, दिवसभर राबतेस तोच व्यायाम. माझ्यात चिकाटीच नाही का? जीव शांत राहील आणि मला झेपेल, असे काही सांगाल का?"

आक्का,

तुमच्या चिकाटीचा प्रश्न मी आधी घेते, कारण तो मनातून निघाल्याशिवाय पुढचे काही उपयोगी पडणार नाही. जी बाई २६ वर्षे रोज सात-आठशे वेळा पान बोटांत धरते, त्यात तंबाखू सारखी पसरते, ते गोल वळते, तोंड मुडपते आणि दोरा गुंडाळते, तिला चिकाटी नाही असे म्हणायला कोणाची जीभ रेटणार नाही. तुमचे चुकले ते फक्त प्रमाण. वर्षानुवर्षे मांडी घालून बसलेल्या गुडघ्यांवर आणि कंबरेवर पहिल्याच सकाळी २५ सूर्यनमस्कारांचा भार टाकला, तर गुडघा सुजून तक्रार करणारच, आणि ती त्याने योग्यच केली. सूर्यनमस्कारांविषयी माझे काही वाकडे नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचा मोठ्या निष्ठेने प्रसार केला आणि आपल्या भागातल्या कित्येक शाळांतून पुढे पिढ्यान्‌पिढ्या ते घातले गेले. परंतु तो चढत्या क्रमाने वाढवायचा अभ्यास आहे. आपल्या जुन्या वैद्यांनाही हे ठाऊक होते. अष्टांगहृदयात व्यायामाचे माप 'अर्धी शक्ती' असे सांगितले आहे, आणि तेसुद्धा अंगात बळ असलेल्या व तूप-तेलाचे खाणाऱ्या माणसांसाठी. म्हणजे रात्री दोन वाजता झोपून सकाळी सहाला उठणाऱ्या बाईने किती करावे, याचा हिशेब त्याहून कमीच निघतो.

तपासण्यांत काही निघाले नाही ही चांगली बातमी आहे आणि ती तशीच घ्यावी. डॉक्टरांचा सल्लाही वाईट हेतूने दिलेला नाही. अडचण एवढीच, की 'टेन्शन घेऊ नका' हे सांगणे पाळायचे कसे, हे हातापायांना कळत नाही. मनाला हुकूम सोडून ते ऐकत नसते. खांद्याला मात्र 'खाली ये' म्हणता येते आणि तो येतो. जबडा सैल करता येतो, सुस्कारा लांबवता येतो, पाऊल हळू टाकता येते. शरीर सैल झाले, की धोका टळल्याची खूण मेंदूपर्यंत पोहोचते आणि धडधड हळूहळू ओसरू लागते. माझे सगळे सांगणे या मागच्या दाराने आत शिरण्याचे आहे.

सासूबाईंचे म्हणणे अर्धे खरे आहे. त्यांच्या उमेदीच्या काळात बाईच्या कामात वाकणे, उठणे, ओढणे, चालणे असे सगळे प्रकार असत. आडाचे पाणी शेंदणे, शेतात भांगलण करणे, गोठा झाडणे, पहाटे जात्यावर बसणे यांत अंगाचा एकही सांधा सुटत नसे. जात्याचा खुंटा ओढताना ओवीची ओळ जी लांबत जाई, ती लांबवलेल्या उच्छ्वासावरच म्हटली जाई, आणि त्या गाण्याने दुःख हलके होई, त्यामागे शब्दांइतकाच श्वासाचाही वाटा असावा असे मला नेहमी वाटत आले आहे. तुमचे काम कष्टाचे आहे, पण त्यात कोपराच्या खालचे हात तेवढे दिवसभर पळतात आणि बाकीचे शरीर दगडी मूर्तीसारखे एका जागी बसून राहते. मान मांडीवरच्या पान-तंबाखूच्या सुपाकडे झुकलेली, डावा खांदा पान धरण्यासाठी किंचित वर उचललेला, पाठीला पोक आलेला, आणि दोरा गुंडाळताना हात हलू नये म्हणून श्वास क्षणभर रोखलेला. हा रोखलेला श्वास उद्या मुद्दाम पाहा. प्रत्येक विडीला एकदा, असे दिवसातून सातशे वेळा ते होत असेल, तर संध्याकाळी जीव घाबराघुबरा का होतो याचे निम्मे उत्तर तिथे सापडेल.

येथे माझी एक जुनी चूक सांगते. बेळगावात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम सुरू केले, तेव्हा मी येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती १४ व्यायामांचा छापील कागद देत असे, चित्रांसह, सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी दहा वेळा. वडगावच्या एक मावशी महिन्याने पुन्हा आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीतल्या शेवयांच्या डब्यावर झाकणाखाली तोच कागद घट्ट बसवलेला मला दिसला. मावशी ओशाळल्या, पण ओशाळायचे खरे तर मी होते. ज्यांच्या दिवसात अर्धा तास मोकळा नाही, त्यांना मी तासाचे काम दिले होते. तेव्हापासून मी नवा वेळ मागत नाही. दिवसात जे आधीपासून घडतेच आहे, त्यालाच हालचाल बांधून देते.

तुमच्या दिवसाचे माप शेकडा हे आहे, म्हणून आपण तेच धरू. शंभर विड्या झाल्या की सूप मांडीवरून उचलून खाली ठेवायचे. ही पहिली आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची हालचाल, कारण सूप मांडीवर असेपर्यंत शरीर कामातून बाहेर येत नाही. मग दोन्ही पाय समोर पसरायचे आणि पावले स्वतःकडे व पलीकडे अशी सावकाश आठ-दहा वेळा हलवायची. पोटऱ्यांचे स्नायू आवळले-सुटले की पायांत साचलेले रक्त वर ढकलले जाते, आणि मांडी मोडल्यावर येणाऱ्या मुंग्या कमी होतात. त्यानंतर दोन्ही खांदे श्वास घेत कानांच्या दिशेने उचलायचे, क्षणभर तिथेच ठेवायचे आणि तोंडाने 'हाऽऽ' करत एकदम सोडून द्यायचे. असे तीनदा. हाताची बोटे, विशेषतः अंगठा आणि पहिली दोन बोटे, जी दिवसभर चिमटीत अडकलेली असतात, ती फुलासारखी पूर्ण उघडून मग सैल सोडायची. शेवटी मान वर करून दारातून बाहेर जितके लांब दिसेल तितके पाहायचे. समोरच्या घराचे कौल, आंब्याचा शेंडा, तवंदी घाटाची रेघ, जे काही दिसेल ते, पाच-सहा श्वास होईपर्यंत. जबड्यासाठी वेगळे काही करायला नको. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे आणि जिभेचे टोक वरच्या दातांमागे टाळूला टेकलेले, एवढी ठेवण आठवली की आवळलेले दात आपोआप सुटतात.

या सगळ्याला एक मिनिट लागते. विडीची मजुरी हजारावर मिळते आणि मिनिटाचाही हिशेब असतो, हे मी विसरलेले नाही. तुमच्याच वेगाने पाहिले, तर दिवसातून आठ वेळा एक मिनिट थांबण्याने तेरा-चौदा विड्या कमी होतील, म्हणजे पंचवीसचा अर्धा कट्टा. माझा अनुभव असा आहे, की दुपारनंतर आखडलेल्या हाताचा वेग जो मंदावतो, तो कमी मंदावल्यामुळे ही तूट बरीचशी भरून निघते. पण तसे वचन मी देत नाही. आठवडाभर करून तुम्हीच मोजा.

श्वासाविषयी फार शिकवण्याची गरज नाही. मनगटाच्या नाडीवर दोन बोटे ठेवून शांतपणे श्वास घ्या आणि सोडा. घेताना ठोके किंचित जलद आणि सोडताना किंचित संथ होतात, हे अनेकांना बोटांखाली जाणवते. हृदयाला आवर घालणारी जी मज्जातंतूची वाट मेंदूकडून येते, तिचा अंमल उच्छ्वासात वाढतो, म्हणून सोडण्याचा काळ घेण्यापेक्षा थोडा लांब ठेवायचा, इतकेच. नाक दाबणे, श्वास कोंडून धरणे, जोरजोरात फुंकर मारणे यांतले काही सध्या करू नका. धडधडीची सवय लागलेल्या माणसाला त्याने उलट घाबरल्यासारखे होते.

सकाळसाठी एकच गोष्ट. चहाचे आधण ठेवल्यावर स्वयंपाकाच्या कट्ट्याला हात टेकून दोन्ही टाचा हळू उचलायच्या आणि त्याहून हळू खाली आणायच्या, उकळी फुटेपर्यंत. गुडघ्याला त्रास होत नसेल तरच. चहावरून आठवले, दिवसाचे पाच-सहा कप होत असतील तर दुपारी चारनंतरचे बंद करून पाहा. शिवाय तंबाखूची धूळ श्वासातून जाते आणि निकोटीन कातडीतूनही थोडे शिरते, व त्याचा स्वभाव हृदयाचे ठोके वाढवण्याचा आहे. म्हणून खिडकी उघडी ठेवून बसा आणि चहा-भाकरीआधी हात साबणाने धुवा. तोंडात मिश्री धरण्याची सवय असेल, तर धडधडीच्या बाबतीत तिचाही विचार करावा लागेल.

चालण्यावर मात्र थोडे थांबते. 'रोज दहा हजार पावले' हा आकडा आता प्रत्येक मोबाईलमध्ये जाऊन बसला आहे आणि त्याच्या धाकाने अनेकजण चालणेच सोडून देतात. तो आकडा वैद्यकातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीला आले, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचे माप' असा होता, आणि ते नाव पुढे नियम होऊन बसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेले मार्गदर्शन प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचालीचे आहे, आणि एका वेळी निदान दहा मिनिटे सलग झालीच पाहिजेत ही पूर्वीची अट त्यात काढून टाकली आहे. तुमच्यासारख्या बाईला ही फार मोठी सूट आहे, कारण आता तीन-चार मिनिटांचे तुकडेही हिशेबात धरले जातात.

पान-तंबाखू आणायला आणि तयार माल द्यायला तुम्ही जाताच. निदान एका बाजूने चालत जा. परतताना, हात मोकळे असताना, हे चालणे जास्त चांगले होते. पहिली काही मिनिटे अगदी रमतगमत चाला, मग बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतका वेग चढू द्या आणि घर जवळ आले की पुन्हा उतरवा. श्वास घेताना तीन पावले आणि सोडताना चार-पाच, असा ताल धरता आला तर धरा, चुकला तर चुकू द्या. पाऊस लागला आणि गल्लीत चिखल झाला, की घरातल्या घरात पावली घालावी. पंढरीच्या वाटेवर टाळ घेऊन वारकरी जी पावली घालतात, एक पाऊल पुढे, एक मागे, अंग सैल आणि मुखी नाम, तिच्याइतकी शांतवणारी हालचाल मला दुसरी माहीत नाही, आणि तिला आठ हातांची जागाही पुरते. वारीला गेलेली एखादी शेजारीण असेल तर तिच्याकडून शिका. सासूबाईंनाही येत असेल. रात्रीच्या जेवणानंतरची शतपावली ही तर घरातलीच रीत आहे. जेवणानंतर थोडे चालल्याने रक्तातली साखर एकदम चढत नाही, हे आता तपासून पाहिलेले आहे. तुमची साखर ठीक असली तरी तुम्ही रोज सात-आठ तास बसून काढता.

राहिली रात्र. कागलहून येणाऱ्या मुलाची काळजी करू नका, असे मी म्हणणार नाही. कोगनोळी नाक्यापासूनच्या त्या हमरस्त्यावर रात्री ट्रकांच्या रांगा कशा धावतात, हे मीही पाहिलेले आहे. कंपनीच्या गेटातून निघताना त्याने एक मिस्ड कॉल द्यावा आणि मग फोन खिशात टाकावा, एवढे त्याच्याकडून कबूल करून घ्या, म्हणजे तुमची काळजी संध्याकाळपासून न पसरता तेवढ्या अर्ध्या-पाऊण तासापुरती उरेल. त्या वेळात अंथरुणावर पडून गाडीचा आवाज ऐकत राहू नका, कारण तसे पडून राहिल्याने अंथरूण म्हणजे जागरणाची जागा, अशी शरीराची समजूत होते. भिंतीला पाठ टेकून बसा आणि एकेक अवयव आवळून सोडण्याचा क्रम करा. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वी ही पद्धत बसवली, आणि मला ती आजही सर्वांत भरवशाची वाटते. पायाची बोटे पाच अंक मोजेपर्यंत आत आवळायची आणि सोडून दहा-पंधरा अंक ती सैल कशी वाटतात इकडे लक्ष द्यायचे. मग पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, खांदे आणि शेवटी डोळे घट्ट मिटून चेहरा. आवळताना जोर अर्धाच, दुखऱ्या खांद्याला त्याहून कमी. सोडलेल्या क्षणाची ओळख पटणे, हा त्यातला खरा भाग आहे. काही दिवसांनी दिवसाउजेडीसुद्धा खांदा चढला की तुमच्या ध्यानात येऊ लागेल, आणि संध्याकाळच्या ठणक्यापर्यंत थांबावे लागणार नाही. मुलगा आला, जेवला, की पायांवर कोमट पाणी घेऊन मगच आडवे व्हा आणि तोच क्रम पडल्यापडल्या पुन्हा करा. बहुतेक वेळा खांद्यापर्यंत पोहोचण्याआधीच झोप लागते.

काही गोष्टी मात्र या सदरावर सोडू नका. तुमच्या वयात पाळी मागेपुढे होऊ लागली असेल, तर धडधड आणि झोपमोड त्यानेही होते. ते डॉक्टरांना सांगितले नसेल तर पुढच्या खेपेस सांगा. रात्री अंगठा आणि पहिल्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल किंवा हातातून वस्तू निसटत असेल, तर मनगटातली शीर दबत असण्याची शक्यता असते आणि ते लवकर दाखवावे लागते. छातीत दाब येऊन तो हाताकडे किंवा जबड्याकडे सरकला, दम लागला, घेरी आली, तर त्याच वेळी दवाखाना गाठा. आणि कशातच मन लागेनासे होऊन दोन आठवडे उलटले, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस या सरकारी सेवेला फोन लावा. ती मोफत आहे, रात्रंदिवस चालते आणि तेथे मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येते.

आता हे सारे उद्याच सुरू करू नका, नाहीतर पुन्हा चौथ्या दिवशी काहीतरी सुजेल. पहिले दोन आठवडे फक्त सूप खाली ठेवण्याचे करा. एखादा शेकडा राहून गेला तर तो भरून काढायचा नाही, पुढच्यापासून धरायचे. त्यानंतर रात्रीचा क्रम घ्या, आणि तो अंगवळणी पडला की चालणे. गुडघ्याची सूज पूर्ण उतरेपर्यंत उकिडवे बसणे टाळा, आणि जमेल तेव्हा भिंतीला टेकून, कमरेमागे गोधडीची घडी देऊन विड्या वळायला बसा. मुलीने व्हिडिओ पाठवला तो मायेने, म्हणून तो पुसून टाकू नका. दिवाळीच्या सुटीत ती घरी येईल, तेव्हा गुडघा ठीक असला तर तिच्या शेजारी उभे राहून एक सूर्यनमस्कार घाला. एकच, आणि तोही सावकाश.